चार दिवसांचे उसने ठोके

रात्री दीड वाजता फोन वाजला की तो उचलण्याआधीच छातीत धस्स होते. गेल्या श्रावणात आमच्या घरी तसेच झाले. फोन बडोद्याहून आत्याचा होता. आत्या तशी धीराची बाई. सासूबाईंचे लांबलेले आजारपण, आतोबांच्या बदल्या, दोन मुलांची लग्ने, सगळे तिने हसतमुखाने निभावले. पण त्या रात्री तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"अगं, ह्यांना मशीन लावायचं म्हणताहेत. मांडीच्या शिरेतून तार घालणार, ती थेट हृदयात. कागदावर सही मागताहेत. मी काय करू?"

झाले होते असे, की रात्रीचे जेवण आटोपून आतोबा झोपायला निघाले आणि त्यांना दरदरून घाम फुटला. डोळ्यांपुढे अंधारी आली. ते दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. शेजाऱ्यांनी गाडी काढली म्हणून वेळेत रुग्णालय गाठता आले. तिथे कार्डिओग्राम काढला. हृदयाच्या खालच्या भागाला झटका आला होता. पण तेवढेच नव्हते. त्यांची नाडी मिनिटाला जेमतेम ३४ लागत होती. इंजेक्शन दिले की ती थोडी वर येई आणि पुन्हा खाली घसरे. रक्तदाबही उतरत चालला होता. अडलेली रक्तवाहिनी लगेच मोकळी करायची होती. पण त्याआधी ठोक्यांची सोय करणे भाग होते.

आत्याने प्रश्न एकच विचारला होता, पण त्याच्या पोटात चार प्रश्न होते. मशीनवर ठेवले म्हणजे माणूस हातचा गेला का? हे मशीन आता जन्मभराचे का? हृदयात तार घातली तर हृदयाला इजा नाही का होणार? आणि खर्चाचे काय? मुलगा पुण्याला, मुलगी जबलपूरला. दोघेही निघाले होते, पण सकाळच्या आत कुणी पोहोचणार नव्हते.

मी डॉक्टरांना फोन द्यायला सांगितले. त्यांनी अगदी थोडक्यात सांगितले, की ही तार तात्पुरती आहे. आजची रात्र ठोके बाहेरून देऊ, हृदय सावरले की तार काढून टाकू. मात्र थांबायला वेळ नाही. मी आत्याला म्हटले, "आत्या, सही कर. मी पहाटेच्या गाडीने निघते." तिने सही केली.

पुढच्या चार दिवसांत त्या तारेविषयी जे ऐकले, पाहिले आणि नंतर वाचले, ते आत्याला आधी ठाऊक असते तर तिची ती पंधरा मिनिटे इतकी जीवघेणी झाली नसती. अशी रात्र कुणाच्याही घरी येऊ शकते. म्हणून या वेळी ही पाने त्या तारेसाठी.

घरचीच वीज

आपले हृदय विजेवर चालते, असे म्हटले तर पुष्कळांना आश्चर्य वाटेल. पण ते खरे आहे. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटासा पुंजका असतो. तो विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेचा अगदी सूक्ष्म संदेश सोडतो. हा संदेश आधी वरच्या दोन कप्प्यांत पसरतो. मग मधल्या एका नाक्यावर क्षणभर थांबतो आणि तिथून तारांसारख्या तंतूंमधून खालच्या दोन कप्प्यांत उतरतो. खालचे कप्पे आकुंचन पावतात, रक्त अंगभर फेकले जाते आणि आपल्या मनगटावर नाडीचा ठोका लागतो. दिवसाकाठी असे सुमारे एक लाख ठोके पडतात. आपल्याला त्यांची जाणीवही नसते.

आता मधला नाकाच बंद पडला तर? वरचे कप्पे आपल्या तालात चालत राहतात, पण त्यांचा निरोप खाली पोहोचत नाही. यालाच डॉक्टर 'हार्ट ब्लॉक' म्हणतात. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे 'ब्लॉक निघाला' असे म्हणतात तेव्हा बहुधा रक्तवाहिनीतला अडथळा अभिप्रेत असतो. हा ब्लॉक तो नव्हे. तो नळात कचरा अडकल्यासारखा, तर हा विजेची तार तुटल्यासारखा. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतात, आणि आतोबांचे तसेच झाले होते. हृदयाच्या खालच्या भागाला रक्त पुरवणारी वाहिनीच बहुतेक माणसांत त्या मधल्या नाक्यालाही रक्त देते. ती बंद पडली की नाकाही थकतो.

निरोप आला नाही तरी खालचे कप्पे लगेच हातपाय गाळत नाहीत. ते आपल्या जोरावर ठोके देऊ लागतात, पण संथ. कित्येकदा मिनिटाला २० ते ४० एवढेच. एवढ्याशा ठोक्यांवर मेंदूला पुरेसे रक्त मिळत नाही. मग भोवळ येते, शुद्ध हरपते आणि मध्येच मोठा खंड पडला तर जीवावर बेतते. अशा झटकन येणाऱ्या बेशुद्धीचे वर्णन डब्लिनच्या दोन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच करून ठेवले आहे. रॉबर्ट ॲडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये. आजही तिला त्या दोघांच्याच नावाने ओळखतात. पण त्यांच्या हाती उपाय काही नव्हता. तो यायला आणखी शंभर वर्षे लागली.

तार असते तरी कशी?

तार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे कुंपणाची तार येते. ही तशी नसते. ती असते एक मऊ, लवचिक नळी, सुमारे दोन मिलीमीटर जाडीची आणि साधारण एक मीटर लांबीची. डॉक्टर तिला 'पेसिंग कॅथेटर' म्हणतात. तिच्या आत दोन वाहक तारा असतात आणि टोकाशी, एकमेकांपासून थोड्या अंतरावर, धातूची दोन बारीक कडी. विजेचा संदेश या दोन कड्यांमधून हृदयाच्या स्नायूला पोहोचतो.

ही नळी घालायला छाती उघडावी लागत नाही. मानेतली, गळपट्टीच्या हाडाखालची किंवा जांघेतली मोठी शीर निवडतात. तेवढी जागा इंजेक्शन देऊन बधिर करतात. सुईने शीर गाठून तिच्यात आधी एक छोटी आवरणनळी बसवतात आणि तिच्यातून ही तार पुढे सरकवतात. शिरांचा रस्ता शेवटी हृदयाच्या उजव्या भागातच जाऊन मिळतो. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत पाहत डॉक्टर तारेचे टोक उजव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात नेऊन स्नायूला हलकेच टेकवतात. काही तारांच्या टोकाशी इवलासा फुगा असतो. त्यात एक-दीड मिलीलीटर हवा भरली की रक्ताच्या प्रवाहाबरोबर तो आपोआप पुढे जातो. पावसाळ्यात पन्हळीच्या पाण्यात सोडलेली कागदाची होडी जाते ना, अगदी तसा. रुग्णाला हलवणे शक्य नसेल तेव्हा अशा तारेचा उपयोग होतो. काम झाले की फुग्यातली हवा काढून घेतात.

रुग्ण या वेळी बहुधा जागाच असतो. आतोबा नंतर सांगत होते, "इंजेक्शनची सुई टोचली तेवढंच दुखलं. मग कुणीतरी दाबतंय असं वाटलं. आणि मग एकदम डोळ्यांपुढचा अंधार गेला."

तारेचे बाहेरचे टोक एका छोट्या पेटीला जोडतात. पेटी बॅटरीवर चालते आणि उशाशी टांगून ठेवता येते. तिच्यावर मुख्य बटणे तीन. पहिले ठोक्यांच्या गतीचे. मिनिटाला किती ठोके हवेत, ते त्यावर ठरवतात. दुसरे विजेच्या जोराचे. डॉक्टर आधी जोर कमी करत करत पाहतात, की किती कमी विजेत हृदय अजून दाद देते. तार नीट बसली असेल तर हा आकडा बहुधा एक मिलीअँपिअरच्याही खाली असतो. मग सुरक्षिततेसाठी त्याच्या दोन-तीन पट जोर ठेवतात. ही वीज किती थोडी, याचा अंदाज हवा असेल तर आपला जुना १५ वॅटचा शून्याचा दिवा घ्या. तो सुमारे ६५ मिलीअँपिअर वीज घेतो, तीही सतत. इथे मात्र एकेक संदेश सेकंदाच्या हजाराव्या भागात, फार तर दोन भागांत आटोपतो. त्यामुळे रुग्णाला 'शॉक' बसत नाही.

तिसरे बटण मला सगळ्यांत आवडले. ते ऐकण्याचे. हृदयाने स्वतःचा ठोका वेळेवर दिला की पेटी तो ओळखते आणि गप्प बसते. ठोका चुकला तरच आपला ठोका देते. घरातल्या समंजस वडीलधाऱ्या माणसासारखी. मूल चालत असेल तर हात मागे, अडखळले तर लगेच हात पुढे.

तालाचा शोध

ही साधी दिसणारी तार सहज हाती आलेली नाही. शिरेतून हृदयापर्यंत नळी नेता येईल यावर एके काळी कुणाचा विश्वास नव्हता. १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समन नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून सुमारे ६५ सेंटीमीटर नळी आत सरकवली. तशा अवस्थेत तो एक्स-रेच्या खोलीपर्यंत चालत गेला आणि नळी हृदयात पोहोचल्याचा फोटो काढून घेतला. त्या वेळी कौतुकापेक्षा टीकाच अधिक वाट्याला आली. पुढे १९५६ मध्ये त्याला आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

१९५२ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या पॉल झोल यांनी छातीवर बाहेरून विजेचे संदेश देऊन थांबलेले ठोके चालवून दाखवले. माणसे वाचू लागली, पण दर ठोक्याला छातीचे स्नायू आखडत आणि वेदना होत. आजही तार घालेपर्यंतची काही मिनिटे निभावून न्यायला छातीवर चिकटपट्ट्या लावून हीच पद्धत वापरतात, मात्र वेदना कमी करणारी औषधे देऊन.

मिनियापोलिस शहरात वॉल्टन लिलेहाय हे शल्यविशारद लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करत. शस्त्रक्रियेनंतर काही मुलांना हार्ट ब्लॉक होई. त्यासाठी हृदयाला बारीक तारा जोडून त्या बाहेरच्या यंत्राला लावत. पण यंत्र भिंतीतल्या विजेवर चाले. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी शहराची वीज गेली आणि या व्यवस्थेतला धोका सगळ्यांच्या ध्यानात आला. लिलेहाय यांनी रुग्णालयाची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकेन यांना बॅटरीवरचे यंत्र करायला सांगितले. बाकेन यांना एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात आलेली आकृती आठवली. ती होती संगीताच्या सरावासाठी टकटक ताल देणाऱ्या यंत्राची. त्यावरून त्यांनी सुमारे चार आठवड्यांत हातात मावेल अशी पेटी तयार केली. गाण्याचा ताल सांभाळणारी युक्ती मुलांच्या हृदयाचा ताल सांभाळू लागली.

त्यानंतर १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या माँटेफिओरे रुग्णालयात सेमूर फर्मन या तरुण डॉक्टरने शिरेतून तार घालून ती थेट हृदयाच्या आतल्या बाजूला टेकवली. छाती उघडायची गरज राहिली नाही. त्यांचा एक वृद्ध रुग्ण या तारेवर ९६ दिवस होता. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला कायमचा पेसमेकर बसवण्यात आला. तो काही तासच चालला. पण पुढे वीसहून अधिक पेसमेकर बदलत लार्सन २००१ पर्यंत जगले. तात्पुरती तार आणि कायमचा पेसमेकर ही अशी जुळी भावंडे आहेत. पण दोघांची कामे वेगळी.

'तात्पुरती' म्हणजे किती दिवस?

आत्याच्या मनातला दुसरा प्रश्न हाच होता. उत्तर असे, की ही तार म्हणजे पूल आहे. पलीकडे काय आहे त्यावर पूल किती दिवस लागणार ते ठरते.

काहींच्या बाबतीत पलीकडे स्वतःचे हृदयच वाट पाहत असते. आतोबांसारखा खालच्या भागाचा झटका असेल तर नाका बहुधा काही तासांत किंवा दिवसांत पुन्हा काम करू लागतो. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही औषधांचा परिणाम जास्त झाल्याने ठोके मंदावले असतील तर औषधाचा अंमल उतरेपर्यंत थांबायचे. मूत्रपिंडाच्या रुग्णांत रक्तातले पोटॅशियम फार वाढले तरी ठोके मंदावतात. तिथे खरा उपचार पोटॅशियम खाली आणण्याचा.

काहींच्या बाबतीत पलीकडे कायमचा पेसमेकर असतो. वयोमानाने विजेचे तंतूच झिजले असतील तर ते पुन्हा नवे होत नाहीत. अशा वेळी तात्पुरती तार फक्त मधला काळ सांभाळते. हृदयाच्या पुढच्या भागाच्या मोठ्या झटक्यात ब्लॉक झाला तर ते अधिक गंभीर मानतात, कारण तिथे स्नायूचेही बरेच नुकसान झालेले असते.

आपल्या घराभोवतीचे आणखी एक कारण सांगायलाच हवे. कुंपणाला लावलेली पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, दिसायला सुंदर, पण तिच्या बिया अत्यंत विषारी. त्यांतली द्रव्ये हृदयाचे ठोके मंद करतात आणि त्यांचा ताल बिघडवतात. श्रीलंकेत आणि दक्षिण भारतात अशा विषबाधेचे रुग्ण मोठ्या संख्येने येत आले आहेत. या विषावरचा खास उतारा महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. तेव्हा इतर औषधांबरोबर तात्पुरत्या तारेचा आधार घ्यावा लागतो. लहान मुलाने खेळताना बी चावली, किंवा कुणी रागाच्या, निराशेच्या भरात खाल्ली, तर 'आता ठीक दिसतोय' म्हणून घरी थांबू नये. ठोक्यांचा बिघाड काही तासांनीही सुरू होऊ शकतो. ताबडतोब रुग्णालयात न्यावे. आणि मनाची घालमेल असह्य झालेल्या माणसाशी बोलणारे कुणी हवे असेल, तर सरकारची 'टेली मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

भीती किती खरी?

हृदयाला इजा नाही का होणार, हा आत्याचा प्रश्न वेडगळ नव्हता. तारेचे टोक क्वचित हृदयाच्या भिंतीतून आरपार जाते. टोचल्या जागी रक्तस्राव होऊ शकतो. गळपट्टीजवळची शीर निवडली तर फुफ्फुसाला इजा होण्याचा धोका असतो. म्हणून नंतर छातीचा एक्स-रे काढतात. जांघेच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. तार जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आणि सगळ्यांत नेहमी होणारी गोष्ट म्हणजे तार जागची हलणे.

म्हणूनच नाडी मंद दिसली की लगेच तार घालत नाहीत. नियमित व्यायाम करणाऱ्या तरुणाची नाडी ५० च्या खालीही असू शकते आणि तो ठणठणीत असतो. औषधांनी भागत नसेल, रक्तदाब सावरत नसेल, शुद्ध हरपत असेल, तेव्हाच तारेचा धोका पत्करतात, कारण न घालण्याचा धोका कितीतरी मोठा असतो. आधार अधिक दिवस लागणार असे दिसले, तर आता अनेक ठिकाणी टोकाशी बारीक मळसूत्र असलेली, स्नायूत घट्ट रुतणारी तार घालून ती बाहेर ठेवलेल्या कायमच्या प्रकारच्या पेसमेकरला जोडतात. ती सहसा सरकत नाही आणि रुग्णाला उठून बसता, चालता येते. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा परिस्थितीत या पद्धतीला पसंती दिली आहे.

दुसरी रात्र

मी बडोद्याला पोहोचले तेव्हा आतोबांची अँजिओप्लास्टी होऊन गेली होती. कधीकधी रक्तवाहिनी मोकळी होताच ठोकेही सुधारतात. त्यांचे मात्र सुधारायचे होते. उशाशी ती पेटी, तिच्यावर ठरावीक गतीने लुकलुकणारा दिवा. आत्या दिव्याकडे टक लावून बसलेली. तो लुकलुकणे थांबला की तिच्या पोटात गोळा येई. परिचारिकेने तिला समजावले, "आजी, दिवा थांबला तर मॉनिटरवर बघायचं. काकांचं हृदय स्वतः चालतं तेव्हा पेटी विश्रांती घेते." तेव्हा कुठे ती हसली.

पण दुसऱ्या रात्री व्हायचे ते झालेच. आतोबांना कुणाला त्रास द्यायला आवडत नाही. पहाटे त्यांना लघवीची भावना झाली. पाय दुमडून ते उठून बसायला गेले आणि मॉनिटर किंचाळला. तार सरकली होती. पेटी संदेश देत होती, पण हृदयापर्यंत तो पोहोचत नव्हता. परिचारिका धावली, त्यांना आडवे केले, विजेचा जोर वाढवला. डॉक्टरांनी येऊन तार पुन्हा जागेवर बसवली. दहा-बारा मिनिटांचाच खेळ, पण आम्ही सगळे गारठून गेलो. "पाय सरळ ठेवायचा" एवढे आम्हाला सांगितलेले होते. का ठेवायचा, ते कुणाच्या नीट ध्यानात आले नव्हते. कारण कळले असते तर आतोबांनी हाक मारली असती.

या अनुभवातून घरच्यांनी काय करावे, हे मला नीट कळले. ते असे:

• जांघेतून तार असेल तर तो पाय सरळच ठेवायचा. रुग्णाला कारणासकट सांगावे आणि हाक मारायची घंटा हाताशी द्यावी. कूस बदलायची, बेडपॅन द्यायचे, चादर बदलायची ती परिचारिकेच्या मदतीनेच.

• तार, जोड आणि पेटी यांना हात लावू नये. पेटीवर कपडे, मोबाइल ठेवू नये. चार्जर, दाढीचे यंत्र अशी विजेची उपकरणे विचारल्याशिवाय बिछान्याजवळ आणू नयेत.

• भोवळ, छातीत दुखणे, धाप, थंडी वाजून ताप, टोचल्या जागी रक्त किंवा सूज, पायाला सूज दिसली तर लगेच सांगावे. ठोक्याच्या तालावर उचकी लागू लागली तर तीही सांगावी. तार भलत्या जागी टेकल्याची ती खूण असू शकते.

• डॉक्टरांना चार गोष्टी विचाराव्यात. ठोके कशामुळे मंदावले? आपोआप सुधारण्याची शक्यता किती? तार किती दिवस ठेवायचा विचार आहे? आणि कायमचा पेसमेकर लागेल का, ते कधी ठरेल?

• खर्चाची चौकशी सही अडवून करू नये. ती नातेवाईकांपैकी दुसऱ्याने करावी. आयुष्मान भारत किंवा राज्य सरकारच्या योजनेत बसत असाल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला शिधापत्रिका, आधार कार्ड घेऊन भेटावे.

आणि त्याही आधीची गोष्ट. आतोबांच्या बाबतीत सारे अचानक घडले. पण ज्यांचे विजेचे तंतू हळूहळू झिजत असतात, त्यांना शरीर आधी इशारे देते. घरातले वडीलधारे 'जरा गरगरलं' म्हणतात आणि आपण पित्त, उपास, उन्हाचे नाव घेऊन मोकळे होतो. अशा वेळी त्यांच्या मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. ती ५० च्या आत असेल आणि भोवळ, थकवा असेल, किंवा माणूस काही सेकंद बेशुद्ध होऊन सावरला असेल, तर त्याच दिवशी कार्डिओग्राम काढून घ्यावा. माणूस कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट चालत नाही असे दिसले, तर १०८ किंवा ११२ ला फोन करून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाब द्यायला सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत.

पूल ओलांडला

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पेटीची गती थोडी कमी केली. आम्ही श्वास रोखून मॉनिटरकडे पाहत होतो. आतोबांचे स्वतःचे ठोके मधून मधून दिसू लागले. आधी एकटेदुकटे, मग सलग. चौथ्या दिवशी पेटीचा दिवा लुकलुकायचा जवळपास थांबला. काही तास पेटी नुसतीच सोबतीला ठेवून पाहिली आणि मग तार काढली. काढायला पाच मिनिटेही लागली नाहीत. टोचल्या जागेवर दाब दिला, पट्टी लावली, झाले. कायमचा पेसमेकर त्यांना लागला नाही.

सगळ्यांचेच असे होईल असे नाही. कुणाला पुढे पेसमेकर लागतो. कुणाच्या हृदयाचे नुकसान इतके असते की नुसत्या ठोक्यांनी भागत नाही. तार आजार बरा करत नाही, ती वेळ मिळवून देते. आतोबांना तिने चार दिवस मिळवून दिले आणि तेवढे पुरले.

आता आतोबा सकाळी कमाटीबागेत फिरायला जातात. औषधे वेळेवर घेतात, तपासणी चुकवत नाहीत. आत्या मात्र बदलली आहे. भिशीला जमणाऱ्या बायकांना ती नाडी मोजायला शिकवते. परवा फोनवर मला म्हणाली, "त्या रात्री मला एवढंच कुणी सांगायला हवं होतं, की हे चार दिवसांचं उसनं आहे, जन्माचं नाही. मी लगेच सही केली असती."

रात्री दीड वाजता विचार करायला वेळ नसतो. म्हणून हा लेख वाचून झाला की घरातल्यांना एकत्र बसवा आणि एकमेकांची नाडी मोजा. जवळचे कोणते रुग्णालय रात्री हृदयाचे रुग्ण घेते, तिथे तार घालायची सोय आहे का, एवढे विचारून फोनशेजारच्या वहीत लिहून ठेवा.